कोयनेच्या भूकंपाची साक्ष

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेच्या खोऱ्यात धरणीने जो हिसका दिला, तो मुंबई-पुण्यापर्यंत जाणवला. कोयनानगरापासून सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटर असलेल्या आमच्या कसबा बावड्याला तो कसा चुकावा? कोयनेच्या परिसरात सुमारे १८० माणसे दगावली. त्या पहाटेच्या हकीकती आम्ही पुष्कळ ऐकल्या. पण हकीकत दर सांगण्यागणिक थोडी वाढते. न वाढणारी साक्ष आहे ती यंत्राची.

दख्खनचे पठार म्हणजे अचल खडक, येथे भूकंप कसला, अशी तोवर जाणत्यांचीही समजूत होती. १९६२ पासून शिवाजीसागरात पाणी भरू लागले आणि आसपास जमिनीतून गडगडाट ऐकू येऊ लागला. तेव्हा १९६३ पासून तेथे भूकंपमापके बसू लागली. श्रोत्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी: यंत्रे आली ती पाण्यामागून. पाणी येण्यापूर्वी ती जमीन किती हालत होती, हे सांगणारे यंत्र धरणापाशी नव्हते. जलाशयामुळे भूकंप होतो काय, हा वाद पुढे जगभर गाजला, त्यात ही उणीव कायमची राहिली. आमच्या मते तो दोष विज्ञानाचा नव्हे, उशिराचा.

धरणाच्या पोटात मात्र एक निराळे यंत्र आधीच बसविलेले होते. ते एरवी निजलेले असते. जमीन जोराने हालली की आपोआप जागे होते आणि धक्क्याचा वेग कसकसा बदलतो ते रेखाटते. भिंतीला वरच्या भागात, जेथे तिचा उतार बदलतो तेथे, तडे गेले. यंत्र मात्र आपले काम करीत राहिले. गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ०.६३ पट एवढा जोर त्याने नोंदला. ते आलेख घेऊन देशोदेशींचे स्थापत्यशास्त्रज्ञ आजही धरणांची गणिते तपासतात. पुढे कोयनेच्या भिंतीला मागून काँक्रीटचे भक्कम टेकू दिले गेले.

त्या काळी ढोलावरचा कागद माणसाने बदलायचा आणि हाताने पोचवायचा. आता पावसापाण्यात तग धरणाऱ्या पेट्या नोंद बिनतारी धाडतात. जमिनीवरची वर्दळ टाळण्यासाठी विवरे खोदून यंत्रे खाली उतरविली आहेत. गोठणे येथे तर सुमारे तीन किलोमीटर खोल विवर खणले गेले. त्यातून निघालेला खडक कराडजवळच्या प्रयोगशाळेत तपासला जातो.