हृदयविकाराच्या झटक्यानंतरची घरची शुश्रूषा

झटका येऊन गेलेल्या आईची किंवा वडिलांची, रुग्णालयातून घरी आणल्यावर घ्यायची काळजी. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद झाली की तेवढा स्नायू मरतो आणि पुढच्या सहा ते आठ आठवड्यांत त्या जागी वण धरतो. अँजिओप्लास्टी वेळेत झाली आणि गुंतागुंत नसली, तर रुग्णाला साधारण तीन ते पाच दिवसांत घरी सोडतात. म्हणजे वण धरण्याचा जवळजवळ सगळा काळ घरच्यांच्या देखरेखीखाली जातो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा रुग्णाला चार ते सहा आठवडे अंथरुणातून हलू देत नसत, घासही भरवत. पडून पडून पायांत गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जात आणि झटक्यातून वाचलेला माणूस त्यापायी दगावे. १९५२ मध्ये बॉस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन यांनी रुग्णाला लवकर खुर्चीत बसवण्याचा उपचार मांडला आणि पुढे वैद्यकाने ती वाट धरली. घरांनी अजून पुरती धरलेली नाही. ‘बाबा, तुम्ही उठू नका, मी आणतो’ यामागे मायाच असते; पण महिनाभर असेच चालले तर पायांतली ताकद जाते आणि मनात बसलेली भीती पक्की होते. आई आजारी असेल तर नेमके उलटे घडते. आठवड्याभरात ती ओट्याशी उभी राहून कणीक तिंबत असते, आणि तिला कोणी हटकत नाही.

पहिल्या आठवड्यात सपाट जागी, घरात किंवा गॅलरीत, पाच ते दहा मिनिटे दिवसातून दोन-तीनदा चालावे. दर थोड्या दिवसांनी वेळ वाढवत सहाव्या आठवड्याच्या सुमारास सलग अर्ध्या तासावर यावे. चालताना बोलता आले पाहिजे. वाक्य पुरे होण्याआधी दम लागला तर वेग जास्त आहे. जेवल्यावर तासभर आणि कडक उन्हात चालणे टाळावे. आंघोळीला कढत पाणी नको, शौचाला कुंथणे नको. बायपास झालेली असेल तर छातीचे हाड सांधायला सुमारे तीन महिने लागतात. तोवर पाण्याची बादली, सिलिंडर, नातवंड यांपैकी काहीही उचलू नये, आणि खोकताना उशी छातीशी घट्ट धरावी.

भेटायला येणारा प्रत्येक जण ‘पंपिंग किती आहे?’ असे विचारतो. इको तपासणीतला हा आकडा ६० टक्के ऐकून घरचे घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही: निरोगी हृदयही प्रत्येक ठोक्याला आपल्यातले सगळे रक्त बाहेर टाकत नाही आणि ५५च्या पुढचा आकडा चांगलाच मानतात. आकडा ४०च्या खाली असेल तर मात्र रोज सकाळी वजन करून लिहून ठेवावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पाय सुजले किंवा उताणे झोपल्यावर धाप लागली, तर अंगात पाणी साठते आहे असे समजून लगेच डॉक्टरांना कळवावे.

शुश्रूषेतला सर्वांत जोखमीचा भाग गोळ्यांचा आहे. स्टेंट टाकल्यावर ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर बहुधा वर्षभर चालते. ‘आता बरे वाटते’ म्हणून, पैशांची ओढ म्हणून किंवा दात काढायचा म्हणून ती परस्पर बंद केली, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. जनऔषधी केंद्रात यांतली बरीच औषधे खूप स्वस्त मिळतात. घोटाळा घडतो तो असा: नव्या चिठ्ठीवरच्या एकाच कॅप्सूलमध्ये दोन-तीन औषधे असतात, घरात ॲस्पिरिनची जुनी पट्टी असते, आणि वडील दोन्ही घेत राहतात. म्हणून पहिल्याच दिवशी जुन्या पट्ट्या वेगळ्या काढाव्यात, सात दिवसांचे कप्पे असलेली डबी आणावी आणि ती शक्यतो रुग्णानेच भरावी. आपण फक्त शेजारी बसून पाहावे. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून देऊ नये. शौचाला काळे होऊ लागले तर रक्तस्राव असू शकतो.

आहारात मराठी घराची अडचण तेलाइतकीच मिठाची आहे. दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे चहाच्या एका चमच्याच्या, आत हवे. लोणचे, पापड, खारवलेल्या मिरच्या, फरसाण आणि सुके बोंबील यांतच ते संपते. बाजारातल्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. रामिप्रिलसारखी रक्तदाबाची गोळी चालू असताना ते विचारल्याशिवाय वापरू नये. तंबाखू, मशेरी, विडी कायमची सुटली पाहिजे. यात तडजोड नाही.

झटक्यानंतर दर पाच रुग्णांमागे साधारण एकाला खरे नैराश्य येते. ते रडण्यातून क्वचितच दिसते. चिडचिड, गप्प बसणे, पहाटे जाग येणे, ‘आता माझे काय उरले’ अशी भाषा अशा रूपात ते येते. त्यावर उपचार आहेत. शिवाय वीजबिल, बँकेचे पासबुक, भाजी आणणे ही रुग्णाची कामे रुग्णाकडेच परत जायला हवीत. परगावच्या, परदेशातल्या मुलांनी रोज फोनवर ‘गोळ्या घेतल्या का?’ एवढेच विचारले तर बोलणे तपासणीसारखे होते. जवळ राहून राबणाऱ्या सुनेला किंवा बहिणीला आठवड्याची सुट्टी मिळेल अशी सोय त्यांनी केली तर त्याचा उपयोग जास्त.

छातीत पुन्हा कळ आली तर रुग्णाला बसवून सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली द्यावी. उभ्याने घेतली तर रक्तदाब उतरून भोवळ येते. पाच मिनिटांत कळ थांबली नाही तर १०८ला फोन करावा, स्कूटरवर मागे बसवून नेऊ नये. मधुमेही आणि वृद्ध रुग्णांत कळ नसतेही. नुसता दरदरून घाम, धाप, मळमळ असते आणि ‘ॲसिडिटी असेल’ म्हणण्यात मोलाचा तास जातो.

वडिलांना ५५च्या आत किंवा आईला ६५च्या आत झटका आला असेल तर मुलांचाही धोका वाढतो. पालकांच्या फेरतपासणीच्या दिवशीच मुलांनी आपला रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे.