कोणी आणलं, कशासाठी आणलं?

चवथ जवळ आली की आमच्याकडे गोव्यात माळ्यावरचं सामान खाली उतरतं. पण काय टाकायचं हे ठरता ठरत नाही, कारण कुठली वस्तू कोणी आणली आणि कशासाठी, हे कुणालाच आठवत नाही. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांचीही एके काळी हीच गत होती. जुनं सॉफ्टवेअर एका कमांडने काढण्याची सोय त्यातूनच घडली.

सुरुवातीला सॉफ्टवेअर म्हणजे फाइलींचं एक गाठोडं असे. ते सोडलं, प्रोग्रॅम तयार केला की त्याच्या फाइली ठिकठिकाणी जाऊन बसत. काढायची वेळ आली की कुठली फाइल कोणाची, हे शोधत बसावं लागे. 16 ऑगस्ट 1993 रोजी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयन मरडॉक याने डेबियनची घोषणा केली. डेब्रा या मैत्रिणीचं आणि स्वतःचं नाव जोडून त्याने हे नाव केलं होतं. डेबियनचा 'डीपीकेजी' हा प्रोग्रॅम प्रत्येक पॅकेजच्या फाइलींची यादी जपू लागला. आम्हा कारकुनांच्या भाषेत, आवक नोंदवही आली.

तरी एक अडचण उरली. एक पॅकेज आणलं की त्याला लागणारी आणखी दहा हवी असतात. मार्च 1999 च्या डेबियन 2.1 सोबत 'एप्ट' आलं आणि ही मंडळी आपोआप येऊ लागली. मुख्य पाहुणा गेला तरी सोबतचे मात्र घरातच! पुढच्या दशकात त्यावर उपाय निघाला. पॅकेज मालकाने मागितलं, की दुसऱ्याच्या गरजेने आलं, एवढी एक नोंद ठेवायची. 'ऑटोरिमूव्ह' ही कमांड याच नोंदीवर चालते. गरजेने आलेलं आणि आता कुणालाच न लागणारं, तेवढंच ती काढते. मॅकसाठी 2009 साली निघालेल्या होमब्रूने तर फेब्रुवारी 2019 मधल्या 2.0 आवृत्तीपासून जुन्या आवृत्त्यांची साफसफाई स्वतःहून सुरू केली.

एवढी व्यवस्था असूनही घात होतो. पॉप ओएस नावाच्या लिनक्सवर लायनस सेबास्टियन हे यूट्यूबकर्ते 'स्टीम' बसवत होते. पॅकेजांच्या जुळणीतल्या एका दोषामुळे एप्टने डेस्कटॉपच काढायचा बेत मांडला. काय काय जाणार याची यादी पडद्यावर होती, खाली इशाराही होता. पुढे जायचं तर 'येस, डू अ‍ॅज आय से!' हे वाक्य टंकायचं होतं. त्यांनी ते टंकलं आणि डेस्कटॉप गेला. नोव्हेंबर 2021 मध्ये ही चित्रफीत गाजली. त्यानंतर एप्ट बदललं. वेगळा पर्याय मुद्दाम दिल्याशिवाय अत्यावश्यक पॅकेज काढायला ते आता नकार देतं.

मला यात नवल वाटलं नाही. यादी न वाचता सही करणारे कचेरीत पुष्कळ पाहिले आहेत. आपल्याकडचा सार्वजनिक अभिलेख कायदाही 1993 सालचाच. ठरलेल्या पद्धतीशिवाय अभिलेख नष्ट करायला त्यात मनाई आहे. पण पद्धत कितीही चांगली असली तरी यादी वाचायची कोणीतरी!

म्हणून वाचकहो, 'एप्ट-गेट ऑटोरिमूव्ह'ला आधी 'उणे एस' हा पर्याय जोडून पाहा. काहीही न काढता नुसती यादी दिसते. त्यात रोजच्या वापरातलं नाव आढळलं, तर 'एप्ट-मार्क मॅन्युअल'ने ते मागितलेलं म्हणून नोंदवा. मग ऑटोरिमूव्ह त्याला हात लावत नाही.