फुप्फुस-शस्त्रक्रियोत्तर हृत्स्पंद-अनियमितता

फुप्फुसाचा काही भाग अथवा एक संपूर्ण फुप्फुस काढून टाकल्यानंतर हृदयाची लय बिघडणे, हा छातीच्या शस्त्रक्रियेतील एक नेहमीचा उपद्रव होय. यात बहुधा अलिंदांचे (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे) नियमित आकुंचन थांबून केवळ अव्यवस्थित कंप उरतो आणि नाडी जलद व विषम लागते. या विकृतीस अलिंदी तंतुकंपन म्हणतात.

फुप्फुस काढणेच जोवर असाध्य होते, तोवर हा प्रश्न उद्‌भवला नाही. रूडोल्फ निसेन यांनी १९३१ मध्ये बर्लिन येथे श्वासनलिकांच्या विकारासाठी संपूर्ण फुप्फुस काढले. १९३३ मध्ये सेंट लूइस येथे एव्हर्ट्‌स ग्रॅहॅम यांनी कर्करोगग्रस्त फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढले. त्यांचा रुग्ण, जो स्वतः वैद्य होता, पुढे सुमारे तीस वर्षे जगला. ग्रॅहॅम यांना मात्र १९५७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानेच मृत्यू आला.

अशा शस्त्रक्रिया वाढल्यावर लयबिघाड लक्षात येऊ लागला. १९४३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात बेली व बेट्स यांचा आणि करेन्स, व्हाइट व चर्चिल यांचा, असे या विषयावरील दोन लेख पाठोपाठ प्रसिद्ध झाले. त्यांपैकी रीव्ह बेट्स त्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले व तेथे त्यांनी भारतातील छाती-शल्यचिकित्सेच्या पहिल्या विभागाचा पाया घातला. त्या काळी आपल्याकडे अशा शस्त्रक्रियांचे मुख्य कारण क्षयरोग हे होते.

प्रतिबंधासाठी दीर्घकाळ डिजिटॅलिसवर भिस्त होती. आधीच हे औषध दिल्यास हृदय सुरक्षित राहील, हा तर्क वरवर पटण्याजोगा होता; परंतु पुढील नियंत्रित चाचण्यांत त्याचा लाभ दिसला नाही. शिवाय मात्रा अधिक झाल्यास हे औषध स्वतःच लय बिघडवते. औषधाच्या जुन्या प्रतिष्ठेमुळे पुराव्याची निकड भासली नाही, असेच म्हणावे लागते. हा विकार सामान्यतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उद्‌भवतो, वृद्धांत अधिक आढळतो आणि एक खंड काढल्यापेक्षा संपूर्ण फुप्फुस काढल्यावर त्याचे प्रमाण वाढते. शोथ (दाह), अनुकंपी तंत्रिकांची उत्तेजना व अलिंदावरील ताण ही कारणे मानली जातात. शोथ कमी करणाऱ्या कॉल्चिसीन या औषधाची ३,२०९ रुग्णांवरील चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीतही निर्णायक फायदा आढळला नाही.

बहुतेक रुग्णांत लय काही दिवसांत वा आठवड्यांत पूर्ववत होते. खरा धोका अलिंदात साचलेल्या रक्ताची गुठळी मेंदूकडे जाऊन पक्षाघात होण्याचा असतो. म्हणून निवडक रुग्णांस रक्त गोठू न देणारी औषधे देतात. ताज्या जखमेतून रक्तस्राव होण्याची भीती असल्याने हा निर्णय सोपा नसतो.

बारामती-इंदापूर भागातील रुग्णांच्या अशा शस्त्रक्रिया सामान्यतः पुणे वा मुंबई येथे होतात. बारामतीस २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असले, तरी गावी परतलेल्या रुग्णाची नाडी प्रथम पाहतो तो बहुधा स्थानिक डॉक्टरच. रुग्णालयात लय बिघडली होती, ही नोंद घरी सोडतानाच्या कागदावर नसेल, तर पुन्हा उद्‌भवलेला बिघाड अशक्तपणा समजून दुर्लक्षिला जाण्याचा संभव असतो. या विकारात काही स्पंद मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यामुळे नाडी पूर्ण मिनिटभर मोजून त्याच वेळी छातीवर श्रवणयंत्राने हृत्स्पंदही मोजतात आणि दोहोंतील फरक नोंदवतात.