लग्नगडी

स्त्रीच्या देहावर सत्ता कोणाची, हा प्रश्न आज मानवी हक्कांच्या परिभाषेंत विचारला जातो. जव्हार-मोखाड्याभोंवतालच्या ठाणें जिल्ह्यांतील रानपट्टींत तो एके काळीं सावकाराच्या चोपडींतच निकालांत निघे.

वारल्याला लग्न करावयाचें म्हणजे देज, धान्य व दारू यांचा खर्च आलाच. तो पैसा जमीनदार देई, आणि फेड होईपर्यंत नवरा त्याचा ‘लग्नगडी’ होई. मजुरी जेमतेम पोटापुरती. मग फेड व्हावी कशी? हळद उतरते न उतरते तोंच नवरीही त्याच कर्जापायीं राबूं लागे.

१९३५ च्या कायद्यानें मोखाडा पेटा ‘अंशतः वगळलेल्या’ मुलखांत पडला; शेजारचें जव्हार हें मुकणे राजांचें संस्थान, म्हणून निराळें. अशा मुलखांच्या चौकशीवर नेमलेल्या सायमिंग्टन साहेबांनीं १९३९ च्या अहवालांत मारहाणीबरोबर हेंही नमूद केलें कीं, जमीनदार कुळांच्या स्त्रियांना आपल्या वासनेसाठीं वापरतात. सरकारी कागदांत इतकी उघड भाषा विरळाच! आम्हां पांढरपेशांच्या घरांत ही गोष्ट शिरावयास मात्र गोदावरी परुळेकरांचें १९७० चें ‘जेव्हा माणूस जागा होतो’ यावें लागलें.

१९४५ सालीं उंबरगांव-डहाणूकडील वारल्यांनीं किसान सभेच्या निशाणाखालीं वेठ नाकारली. १९४८ सालीं जव्हार विलीन झालें. त्याच वर्षीं संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यानें गुलामगिरी निषिद्ध ठरविली. आपल्याकडील वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. त्याच्या व्याख्येंत ऋणकोच्या कुटुंबियांचे श्रमही धरले आहेत. त्या स्त्रियांनीं सोसलेल्या दुसऱ्या गोष्टीविषयीं त्यांत शब्द नाहीं.