रेडिएटरमधले पाणी : उकळण्यापासून झाकणबंद होण्यापर्यंत

केज हे बालाघाटच्या पठारावरचे गाव. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा 40 अंशांच्या वर जातो. मांजरसुंब्याच्या घाटात बॉनेट उघडून उभी असलेली जीप आणि पाण्याचा डबा घेऊन धावणारा चालक, हे दृश्य एके काळी नेहमीचे होते. आजही गाडी तापली की पहिला उपाय सुचतो तो पाणी ओतण्याचा. या सवयीचा इतिहास मोटारीइतकाच जुना आहे. तो समजून घेतला, तर गाडी का तापली हे शोधणेही सोपे जाते.

पेट्रोल इंजिनात इंधनाच्या ऊर्जेपैकी जेमतेम एक तृतीयांश गाडी ओढण्याच्या कामी येते. उरलेल्या उष्णतेचा काही भाग धुराबरोबर जातो, तर काही धातूत उतरतो. हा दुसरा भाग काढून घेतला नाही, तर दट्ट्या सिलिंडरमध्ये आवळून बसतो.

कार्ल बेंझ यांनी 1886 मध्ये पेटंट घेतलेल्या मोटारीत सिलिंडरभोवतीचे पाणी चक्क उकळू दिले जाई. एक किलो पाणी 30 अंशांपासून 100 अंशांपर्यंत तापवायला 70 किलोकॅलरी लागतात. त्याची वाफ करायला आणखी 540. म्हणजे युक्ती प्रभावी, पण पाणी खाणारी! 1888 मध्ये बर्था बेंझ यांनी मानहाइम ते फोर्झहाइम असा सुमारे 100 किलोमीटरचा प्रवास केला, तेव्हा त्यांना वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले.

तेच पाणी थंड करून परत वापरता आले तर? विल्हेल्म मायबाख यांनी 1900 च्या अखेरीस तयार झालेल्या मर्सिडीज गाडीला मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात 6 मिलिमीटर रुंदीच्या 8,070 चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून हवा आणि बाहेरून पाणी वाहत असे. पृष्ठफळ प्रचंड वाढल्यामुळे थोडक्या पाण्यात काम भागू लागले.

हेन्री फोर्ड यांच्या 1908 च्या ‘मॉडेल टी’मध्ये सुरुवातीच्या काही गाड्यांनंतर पंपही काढून टाकला गेला. गरम पाणी हलके होऊन वर चढते, थंड पाणी खाली येते, या अभिसरणावरच सारी भिस्त होती. चढावर मात्र वेग कमी, वारा कमी आणि उष्णता जास्त. मग पाणी उकळू लागे.

पुढे पंप कायमचा आला. 1930 च्या दशकात मेणाचा थर्मोस्टॅट आला. ठरावीक तापमानाला मेण वितळून प्रसरण पावते आणि रेडिएटरकडे जाणारी वाट उघडते. त्यानंतर रूढ झाले ते दाब धरणारे झाकण. समुद्रसपाटीपासून 600 मीटर उंचीवर पाणी सुमारे 98 अंशांनाच उकळते. पण एक वातावरण जादा दाब दिला, तर उत्कलनबिंदू 120 अंशांच्या आसपास जातो. प्रेशर कुकरचेच हे तत्त्व. म्हणूनच तापलेल्या गाडीचे झाकण कधीही उघडू नये. दाब एकाएकी सुटतो, 100 अंशांपेक्षा गरम पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते.

थंड देशांत याच गरम पाण्याचा एक फाटा गाडीच्या आत छोट्या रेडिएटरकडे नेला गेला. तोच हीटर. घाटात काटा चढू लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण सुरू करावा. बसणारे घामाघूम होतील, पण इंजिनाची थोडी उष्णता बाहेर पडेल. तरीही काटा उतरला नाही, तर गाडी थांबवून इंजिन बंद करावे.

दोष शोधताना हाच इतिहास क्रमाने आठवावा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पातळी पाहावी. पाणी कमी असेल, तर नळ्या, पंप, झाकण यांत गळती आहे का, ते पाहावे. पातळी ठीक असून गाडी फक्त गर्दीत तापत असेल, तर पंख्यावर संशय घ्यावा. वेगातही तापत असेल, तर कचऱ्याने किंवा क्षारांनी तुंबलेल्या रेडिएटरवर. वरची नळी गरम आणि खालची गारच राहिली, तर अभिसरण अडले आहे. बाहेर गळती नसताना पाणी घटते, धूर पांढरा येतो किंवा ऑइल दुधाळ होते, तेव्हा हेडगॅस्केट तपासावे. ‘आपल्याकडे थर्मोस्टॅट कशाला?’ म्हणून तो काढून टाकणे मात्र चूक. इंजिन गरजेपेक्षा थंड चालले, तर इंधन जास्त जळते आणि झीजही वाढते.

बोअरच्या पाण्याचे काय? बेसॉल्टच्या या प्रदेशात ते बहुधा जड असते. तापल्यावर त्यातले क्षार नळ्यांत थर धरतात आणि हा थर उष्णता अडवतो. म्हणून ग्लायकॉल व शुद्ध पाणी यांचे मिश्रण भरावे. ते लवकर उकळत नाही आणि गंजही रोखते. 2016 मध्ये केज तालुक्यातले धनेगावचे धरण आटले, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. अशा मुलखात झाकणबंद, न गळणारा रेडिएटर ही केवळ चैन नव्हे.

शिक्षकांनी गॅरेजमधून एखादा जुना थर्मोस्टॅट मिळवावा. पाण्याच्या भांड्यात तो दोऱ्याने टांगावा, शेजारी तापमापी ठेवावी आणि पाणी हळूहळू तापवावे. 80 ते 90 अंशांच्या दरम्यान झडप उघडताना दिसेल. उघडलीच नाही, तर गाडी का तापत होती, ते विद्यार्थीच सांगतील.