सातेरी मधमाश्यांचा थवा : पकड आणि संगोपन

सहसा जुन्या राणीसह घर सोडून निघालेला मधमाश्यांचा समूह म्हणजे थवा. तो धरून पेटीत वसवणे ही मधपाळाची सर्वांत कमी खर्चाची, आणि माश्यांना सर्वांत कमी इजा करणारी सुरुवात. सह्याद्रीच्या पट्ट्यात हे काम प्रामुख्याने सातेरी माशीवर (एपिस सेराना इंडिका) चालते. आग्या माशी कड्याला किंवा उंच फांदीला उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते, फुलोरी झुडपात छोटेसे. दोघीही पेटीत नांदत नाहीत. सातेरी मात्र ढोली, वारूळ, दगडी बांध अशा अंधाऱ्या पोकळीत समांतर अनेक पोळी बांधते, त्यामुळे चौकटींची पेटी तिला मानवते. दक्षिण भारतात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात फादर न्यूटन यांनी या लहान माशीच्या मापाची पेटी घडवली. ती आजही वापरात आहे.

फुलोरा वाढून पराग येऊ लागला की राणी भराभर अंडी घालते आणि पेटीत दाटी होते. थवा निघण्याची पहिली खूण नरांची. सातेरीच्या नरकोठीची टोपी उंचावलेली असते आणि तिच्या मधोमध बारीक छिद्र दिसते. त्यानंतर पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी राणीघरे लोंबू लागतात. ती बंद झाली की एखाद्या उघडिपीच्या दिवशी जुनी राणी बऱ्याचशा कामकरी माश्यांसह बाहेर पडते. पोळी आणि अन्नसाठा नव्या राणीसाठी मागे राहतो. घरसोड ही याहून वेगळी. उपासमार, मेणकिडा, मुंग्या किंवा पेटीची वारंवार उघडझाप यांमुळे अख्खी वसाहतच निघून जाते.

थवा जवळच्या फांदीवर घोस करून थांबतो आणि टेहळ्या माश्या नवे घर शोधतात. जर्मन संशोधक मार्टिन लिंडाउअर यांनी 1950 च्या सुमारास युरोपीय माशीच्या थव्यांवर दाखवून दिले, की या टेहळ्या घोसावर नाचून जागा सुचवतात आणि एका जागेवर एकमत झाल्यावरच थवा उडतो. हा मुक्काम कधी काही तासांचा, कधी एक-दोन दिवसांचा असतो. निघताना माश्यांनी पोटभर मध घेतलेला असतो आणि राखायला पिल्ले नसतात, म्हणून त्या सहसा शांत असतात. तरीही तोंडावर जाळी हवीच.

घोसावर पाण्याचा हलका फवारा मारला की माश्या आवळून बसतात. वेताची टोपली किंवा कापडी पिशवी घोसाच्या वर, त्याला टेकवून धरावी आणि खालून अगदी थोडा धूर द्यावा. माश्या अंधाराकडे, वर चढतात. राणी आत गेली की कडेच्या माश्या पोट उंचावून पंख हलवू लागतात. त्या गंधाने उरलेल्या आपोआप येतात. राणी बाहेर राहिली तर सगळ्या पुन्हा फांदीवर जातात. संध्याकाळपर्यंत टोपली तिथेच ठेवावी, म्हणजे बाहेर गेलेल्या टेहळ्याही परततात.

धरणे सोपे, टिकवणे अवघड. सातेरीच्या बाबतीत खरे कसब इथेच लागते. दिवस मावळल्यावर थवा पेटीत घालावा. दुसऱ्या निरोगी वसाहतीतले उघड्या पिल्लांचे एक पोळे आत दिले तर माश्या सहसा ते सोडून जात नाहीत. दारावर राणीला अडवणारी जाळी तीन-चार दिवस ठेवतात. पण त्याच वसाहतीतून मागाहून निघालेल्या थव्यात राणी बहुधा कुमारी असते आणि मिलनासाठी तिला उडावेच लागते. तिथे जाळी लावणे म्हणजे वसाहत मारणे. समभाग साखर-पाण्याचा पाक संध्याकाळी, न सांडता द्यावा. सांडलेल्या पाकावर शेजारच्या माश्या येतात आणि लुटालूट सुरू होते.

पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, तळपाटाची नियमित सफाई आणि जुनी काळी पोळी काढून टाकणे, एवढ्याने मुंग्या व मेणकिडा आटोक्यात राहतात. महाबळेश्वरसारख्या अतिपावसाच्या भागात पावसाळाभर पाक द्यावा लागतो. जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यात मध भरतो. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. मध फक्त वरच्या मधकोठीतून, तीनचतुर्थांश घरे बंद झाल्यावर मधयंत्राने काढावा. कच्चा मध आंबतो.

1991-92 मध्ये थाई सॅकब्रूड या विषाणुरोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. त्यात अळ्या पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या होऊन मरतात. म्हणून धरलेला थवा काही आठवडे इतर पेट्यांपासून दूर ठेवावा.

ढोलीतली नांदती वसाहत फोडून पोळी चौकटीत बांधण्याची पद्धतही रूढ आहे. झाड पडणार किंवा भिंत पाडली जाणार असेल तरच ती समर्थनीय. एरवी अशा वसाहतींतूनच पुढचे थवे निघतात. प्रशिक्षणासाठी पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था (स्थापना 1962) आणि महाबळेश्वरचे मध संचालनालय आहे. त्याच तालुक्यातील मांघर 2022 मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले.

थवा वसला की नाही हे दारावर कळते. पायांना परागाचे गोळे लावून माश्या आत जात असतील तर राणी बहुधा कामाला लागली आहे. आठवड्याने पेटी उघडून प्रत्येक घराच्या तळाशी एकेकच अंडे उभे दिसते का पाहावे. एका घरात अनेक अंडी, तीही भिंतीला चिकटलेली आढळली, तर राणी नाही आणि कामकरीच अंडी घालत आहेत.