नदीचा हक्क आणि नदीचा सौदा

खडवलीला सुटीच्या दिवशी भातसेत डुंबायला आलेल्या मुंबईकराच्या एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ज्या पाण्यात तो उभा असतो तेच पाणी पुढे त्याच्या शहराच्या नळाला यावयाचे असते. शहापूर तालुक्यातील भातसा धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच खाली येते. पिसे येथील बंधाऱ्याजवळ ते उचलतात आणि पांजरापूरला शुद्ध करून महानगराकडे धाडतात. धरणापासून पिशापर्यंत नदी हीच जलवाहिनी. मग या वाटेवर कोणी पाणी नासवले तर नुकसान कोणाचे, आणि ते न नासवण्याचा खर्च कोणी सोसावयाचा?

प्रश्न जुना आहे. आपल्या गावगाड्याने त्याचे उत्तर पाणवठ्यांच्या क्रमाने दिले होते. वरच्या अंगाला पिण्याचे पाणी, त्याखाली गुरे, त्याखाली धुणे. कागद नव्हता, पण हक्क ठरलेले होते. या उतरंडीत माणसांचीही उतरंड मिसळलेली होती, हे मात्र विसरून चालणार नाही. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली सत्याग्रह झाला, आणि तळ्यावर आपलीच अनादि वहिवाट आहे हा स्पृश्यांचा दावा मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळावयाला १९३७ साल उजाडले. ज्याला हक्कच नाही त्याला तडजोडीच्या बैठकीला कोणी बोलावीत नाही.

इंग्रजी अमलात हा विषय कागदावर आला तो १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्याने. वकीलमंडळी याला इझमेंट ॲक्ट म्हणतात. आपल्या मुंबई इलाख्याला तो १८९१ साली लागू झाला. आपल्या जमिनीत येणारे पाणी वरच्या माणसाने गैरवाजवी दूषित करू नये, असा हक्क त्याने जमीनमालकाला दिला. पण याच कायद्याचे अठ्ठाविसावे कलम वाचले की आम्हांला प्रत्येक वेळी नवल वाटते. त्यात हवा वा पाणी दूषित करण्याच्या वहिवाटी हक्काचा उल्लेख आहे! वीस वर्षे बिनतक्रार, उघडपणे पाणी नासवीत आलात तर तो हक्क पदरात पडू शकतो. मात्र वहिवाट सुरू झाली त्या दिवशी जेवढी घाण होती तेवढ्याच मापाचा. सार्वजनिक उपद्रवाला ही सवलत नाही. तो कितीही वर्षे चालला तरी त्याचा हक्क होत नाही. तरीही घाण हीसुद्धा मोजून मालकीची करता येते, ही कल्पना आमच्या कायद्यात तेव्हापासून बसलेली आहे.

याच सुमारास, १८७९ साली, लंडनच्या न्यायालयात एका मिठाईवाल्याचा व एका डॉक्टरचा खटला गाजला. मिठाईवाल्याचे खल कित्येक वर्षे घणघणत होते. डॉक्टरने त्या भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली आणि मग त्याला आवाज सोसवेना. निकाल डॉक्टरच्या बाजूने लागला. ऐंशी वर्षांनी, १९६० साली, रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने हाच खटला पुन्हा हाती घेतला. त्याच्या आधी, १९२० साली, पिगूने सांगितले होते की, जो शेजाऱ्याच्या माथी खर्च टाकतो त्याच्यावर सरकारने कर बसवावा. कोस म्हणाला, त्रास हा दुहेरी असतो. खल थांबवले तर मिठाईवाल्याचे नुकसान, चालू ठेवले तर डॉक्टरचे. हक्क कोणाचा हे एकदा स्पष्ट झाले आणि वाटाघाटीला खर्च पडत नसला, की दोघे आपसांत सौदा करून कमी नुकसानीचा मार्ग काढतीलच. १९९१ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

हिशेब आपल्या नदीवर मांडून पाहू. समजा, वरच्या अंगाला रंगाचा एक कारखाना आहे आणि खाली एका शेतकऱ्याचा भाजीचा मळा. सांडपाण्याने मळ्याचे वर्षाला पन्नास हजारांचे नुकसान होते. ते शुद्ध करावयाला तीस हजार लागतात. हक्क शेतकऱ्याचा असेल तर कारखानदार भरपाईचे पन्नास देण्यापेक्षा शुद्धीकरणाचे तीस खर्चील. हक्क कारखानदाराचा असेल तर शेतकरी त्याला पस्तीस-चाळीस देऊन शुद्धीकरण करवून घेईल. पाणी दोन्ही वेळा स्वच्छ. फरक फक्त खिशाचा. आणि आकडे उलटे असतील तर पाणी दोन्ही वेळा घाणच राहील. सौद्याची ही बाजू कडू आहे, पण ती लपविण्यात अर्थ नाही.

तर मग उल्हासच्या खोऱ्यात हा सौदा का झाला नाही? शेतकरी एक नव्हता, शेकडो होते. कोळी होते, त्यांच्या नावे तर सातबाराही नव्हता. पैसे दुसऱ्याने द्यावे आणि पाणी मला मिळावे, असे प्रत्येकाला वाटणे स्वाभाविक. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांची संख्या वाढली, त्यांच्या सांडपाण्यात शहरांचा मैला मिसळला. कोणाची घाण किती, हे सांगणार कोण? १९७० च्या दशकात अंबिवलीजवळ काळूच्या पाण्यात संशोधकांना पारा आढळला, आणि पारा काही मळेवाल्याला डोळ्यांनी दिसत नाही. कोसलाही हे ठाऊक होते. वाटाघाटीला खर्च पडत नाही असे जग कोठेच नाही, हे तो स्वतःच बजावीत असे; त्याच्या शिष्यांनीच ते अनेकदा सोयीस्कर विसरले.

म्हणून शासन मध्ये पडले. महाराष्ट्राने १९६९ साली जलप्रदूषणाचा कायदा केला, १९७० साली मंडळ स्थापन झाले, १९७४ साली केंद्राचा कायदा आला. आता किती घाण सोडावयाची हे मंडळाच्या संमतिपत्राने ठरू लागले. यात एक गोष्ट हरवली असे आमचे मत आहे: ज्याचे नुकसान होते तो माणूस बैठकीतून उठला. केंद्राच्या कायद्याखाली नागरिकाला साठ दिवसांची नोटीस देऊन स्वतः फिर्याद करता येऊ लागली ती १९८८ च्या दुरुस्तीनंतर. पुढे वनशक्ती या संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल सुमारे ९५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. भरणारांत नगरपालिका व महापालिकाही होत्या. म्हणजे त्या भागातील करदात्याने आपल्याच नदीच्या नुकसानीची भरपाई आपल्याच खिशातून करावयाची!

भातसेची गोष्ट निराळी आहे, आणि म्हणूनच ती आम्हांला आशेची वाटते. येथे पाण्याचा मोठा ग्राहक एकच, मुंबई महानगरपालिका. तिच्याजवळ पैसा आहे, आणि वरच्या अंगाची गावे मोजता येण्यासारखी आहेत. न्यूयॉर्क शहरापुढे १९९० च्या दशकात असाच पेच होता. गाळणीचा कारखाना बांधावा तर सहा ते आठ अब्ज डॉलर लागणार. शहराने १९९७ साली कॅट्सकिल डोंगरातील गावांशी करार केला. शेतांतले गोठे, गावांचे मैलापाणी, नदीकाठच्या जमिनी यांवर शहरानेच खर्च करावयाचा. तो सुमारे दीड अब्जांत बसला. गावे हे सुखासुखी कबूल झाली नव्हती. शहराने आधी नियम लादू पाहिले, गावे न्यायालयात गेली, आणि त्यानंतर बैठक बसली.

शहापूरच्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकर जातात, आणि धरणांचे पाणी त्यांच्या शिवाराजवळून मुंबईकडे निघून जाते. खडवलीच्या काठावर स्वच्छतागृहे किती असावीत, सुटीच्या दिवशीचा कचरा कोणी उचलावा, वासिंदच्या गटारांचे पाणी कोठे शुद्ध व्हावे, याचा करार करावयाचा तर पहिले कलम पाड्यांच्या पिण्याच्या पाण्याचे लागेल. त्या गावांनी मागावयाची किंमत तीच आहे, आणि ती मागावयाला अजून त्यांना कोणी बैठकीला बोलावलेले नाही.